रेलिंग कोणाचं होतं?

२०२२ चा दसरा होऊन आठवडा झाला होता आणि आमच्या सोसायटीचं रंगकाम चालू होतं. वडोदऱ्यात वाघोडिया रोडला आमची चार मजली इमारत आहे, चोवीस घरं, त्यातली नऊ मराठी. दिवाळीच्या आत रंग संपलाच पाहिजे असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. तरुण आहे, कॉम्प्युटरवर बसतो, हिशेब नीट ठेवील, एवढ्या भांडवलावर माझी बिनविरोध निवड झाली होती. त्या दिवशी मी घरूनच काम करत होतो. अकराच्या सुमारास, ऑफिसची मीटिंग चालू असताना, खिडकीबाहेरून एक दोर सळसळत खाली गेला आणि पाठोपाठ पार्किंगच्या पत्र्यावर काहीतरी जोरात आदळलं.

रंगारी पडला होता. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे झुल्यावर बसून तो सज्जाखालची बाजू रंगवत होता. आधी पत्र्यावर आपटला, मग खाली फरशीवर. पत्रा मधे आला म्हणूनच वाचला, असं नंतर डॉक्टर म्हणाले. दोन्ही टाचांची हाडं मोडली होती आणि उजवं मनगट. आम्ही १०८ ला फोन केला, पण गाडी यायच्या आधीच चौघांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. पाठीला मार असू शकतो, असं हलवायचं नसतं, हे त्या क्षणी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. झुल्याचा दोर पाण्याच्या टाकीजवळच्या लोखंडी रेलिंगला बांधलेला होता. रेलिंगचा एक पाय काँक्रीटमधून मुळासकट उपटून आला होता. वरून छान हिरवा ऑइलपेंट, आणि खाली, जिथे लोखंड काँक्रीटमध्ये शिरतं तिथे, पापडासारखा गंज. बोटाने दाबला की चुरा होत होता.

हे रेलिंग मला माहीत होतं. जून महिन्यातल्या कमिटीच्या मीटिंगची मिनिटं मीच लिहिली होती. त्यात पाचवा मुद्दा होता: गच्चीवरचं रेलिंग गंजलं आहे, पावसाळ्यानंतर बदलून घ्यावं. खाली माझी सही. पावसाळा संपला, रंगाची कोटेशनं आली, आणि पाचवा मुद्दा तसाच राहिला.

चार दिवसांनी सोसायटीची तातडीची सभा झाली. सभेत जे बोललं गेलं ते कोणत्याही सोसायटीत बोललं गेलं असतं, म्हणून कोणाला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. कोणी म्हणालं, काम काँट्रॅक्टरला दिलंय, माणूस त्याचा, जबाबदारी त्याची. कोणी म्हणालं, त्याने बेल्ट लावला नव्हता, चूक त्याचीच. एकाने हळूच शंका काढली, सकाळी सकाळी घेऊन आला नसेल ना? शेवटी आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, ते म्हणाले, "कायदा वगैरे सोडा. माणुसकी म्हणून सोसायटीतर्फे चाळीस हजार देऊ. स्टँप पेपरवर सही घेऊ, की यापुढे काही मागणी नाही. विषय संपला." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. सुटल्यासारखं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

स्टँप पेपरचा मसुदा कोणाकडून करून घ्यायचा म्हणून मी मामांकडे गेलो. मामा म्हणजे आईचे मावसभाऊ. दांडिया बाजारात राहतात. पस्तीस वर्षं कामगार न्यायालयात वकिली केली, निम्मी कामगारांच्या बाजूने, निम्मी मालकांच्या. आता ऐकू कमी येतं, पण कायद्याची कलमं तोंडपाठ आहेत. मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला वाटला होता त्यापेक्षा वेगळाच होता.

"चूक कोणाची ते राहू दे. तो पडला तेव्हा काम कोणाचं चाललं होतं?"

"आमचं."

"आणि रेलिंग कोणाचं होतं?"

मी गप्प बसलो.

"मग स्टँप पेपर फाडून टाक," मामा म्हणाले, "आणि चहा पिऊन जा."

त्या चहाबरोबर दोन तास मी जे ऐकलं, आणि नंतर रात्री जागून जे वाचलं, ते आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे मांडावं असं तेव्हापासून मनात होतं. आपण बहुतेकजण सोसायट्यांमध्ये राहतो. रंग, वॉटरप्रूफिंग, टाकी साफ करणं, लिफ्टची दुरुस्ती ही कामं आपल्याकडे नेहमीचीच. इंदूर, बेळगाव, हैदराबाद, पणजी कुठेही असा, मी सांगतोय तो कायदा केंद्राचा आहे, म्हणजे सगळीकडे सारखा.

आपल्याकडे १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. केंद्रीय विधिमंडळात त्या वेळी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशी बसत होते. २००९ च्या दुरुस्तीत त्याचं नाव बदलून 'एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन अॅक्ट' असं झालं. या कायद्याचा कणा एका वाक्यात सांगता येतो: कामामुळे आणि कामाच्या ओघात अपघात होऊन कामगाराला इजा झाली, तर मालकाने भरपाई द्यायची. मालकाची चूक होती का, हा प्रश्नच त्यात नाही.

हे किती मोठं आहे ते कळायला आधी काय होतं ते पाहावं लागतं. १८३७ साली इंग्लंडमध्ये एका खाटकाच्या गाडीवर माल जास्त भरला, गाडी मोडली आणि त्याच्या नोकर पोराची मांडी मोडली. ज्युरीने पोराला १०० पौंड देवविले, पण वरच्या कोर्टाने ते काढून घेतले. न्यायाधीशांचं म्हणणं असं, की याला भरपाई दिली तर पाणी कुठवर जाईल? उद्या मोलकरणीने ओलसर अंथरूण घातलं म्हणूनही नोकर मालकाला कोर्टात खेचील! पुढे शंभरेक वर्षं मालकांकडे तीन ढाली होत्या. एक, चूक मालकाची नव्हे, बरोबरच्या दुसऱ्या कामगाराची होती. दोन, धोका माहीत असून तू काम पत्करलंस. तीन, तुझीही थोडी चूक होतीच. या तिघींतून वाट काढून गरीब माणूस कोर्टातून काही घेऊन बाहेर पडणं जवळजवळ अशक्य. आपल्या सभेत जे बोललं गेलं ते याच तीन ढालींचं आजचं रूप होतं, हे मला घरी येताना स्कूटरवर सुचलं.

माझ्या धंद्यात एक पद्धत आहे. सर्व्हर बसला की दुसऱ्या दिवशी सगळे मिळून त्याची चिकित्सा करतो, आणि नियम असा की "कोणी केलं" हे विचारायचं नाही, "काय झालं आणि ते होऊ कसं शकलं" एवढंच विचारायचं. कारण माणूस चुकणारच, व्यवस्थेने ते झेललं पाहिजे. मला वाटायचं ही आमच्या क्षेत्राची आधुनिक अक्कल. १९२३ च्या कायद्यात ती आधीच बसलेली आहे.

आता बेल्ट आणि दारू. कायद्यात अपवाद आहेत, पण आपण समजतो तेवढे रुंद नाहीत. कामगार नशेत होता आणि अपघात थेट त्यामुळेच झाला, किंवा सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेली आज्ञा त्याने मुद्दाम मोडली, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं, तर मालक सुटू शकतो. पण हे मालकाने सिद्ध करायचं असतं, नुसता संशय चालत नाही. आणि मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर हे अपवाद मुळी लागूच होत नाहीत. आमच्या रंगाऱ्याच्या बाबतीत बेल्ट होता हे खरं. तो काँट्रॅक्टरच्या टेंपोत होता, पिशवीत. "लाव" असं कोणी सांगितलं होतं का? लावला असता तर अडकवायचा कुठे? गच्चीवर दुसरा दोर सोडलेलाच नव्हता. झुल्याच्याच दोराला बेल्ट अडकवला असता तर दोराबरोबर बेल्टही खाली आला असता, कारण सुटलं होतं ते रेलिंग.

भरपाई किती, याचं गणित कायद्यात इतकं स्वच्छ दिलंय की मी ते पंधरा मिनिटांत एक्सेलमध्ये बसवलं. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला एक आकडा. कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के गुणिले तोच आकडा. हा आकडा कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात असतो. वय जितकं कमी तितका मोठा, कारण कमाईची वर्षं जास्त बुडाली. ३० वर्षांच्या माणसाला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. पगार कितीही असला तरी हिशेबासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ती ८,००० होती.

आमचा रंगारी दाहोदकडचा, वय ३५, रोज ६५० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर १६,९००, म्हणजे हिशेबाला १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००. गुणिले १९७.०६, म्हणजे १७,७३,५४०. ही झाली पूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंशतः अपंगत्व असेल तर कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितके टक्के. काही इजांचे टक्के कायद्यातच छापलेले आहेत: अंगठा गेला तर ३०, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर ४०, तर्जनी पूर्ण गेली तर १४. ही यादी वाचताना विचित्र वाटतं. माणसाच्या बोटांचं दरपत्रक. टाचेसारखी इजा यादीत नसली तर डॉक्टर ठरवतो. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, आणि माणूस अंथरुणावर असेल तोवर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचे २५ टक्के.

मी एक्सेलमधल्या त्या आकड्याकडे आणि अप्पांच्या चाळीस हजारांकडे बराच वेळ बघत बसलो.

टक्के ठरवतानाही माणूस कोणतं काम करतो ते बघावं लागतं. याबद्दल मामांनी एक निकाल सांगितला तो मला फार आवडला. ओडिशात जेपूरला १९६८ साली एका सिनेमागृहात सजावटीचं लाकूडकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचं म्हणणं, एकच हात गेलाय, तोही कोपरापासून, सगळी क्षमता कशी गेली? सुप्रीम कोर्टाने १९७५ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसासाठी नुकसान पूर्ण आहे. कोर्टाने आणखी एक गोष्ट पक्की केली. भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, कोर्टाचा निकाल लागेल त्या दिवसापासून नव्हे. एक महिन्यात दिली नाही तर सालीना १२ टक्के व्याज, आणि सबळ कारणाशिवाय टाळाटाळ केली तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. "आता उशीर करणाऱ्याचं मीटर चालू असतं," मामा म्हणाले.

पण मालक कोण? इथे मामांनी मला सरळ उत्तर दिलं नाही, आणि ते प्रामाणिक होतं. कायदा म्हणतो, तुम्ही आपल्या धंद्याच्या ओघात काँट्रॅक्टर नेमला असेल तर त्याच्या माणसाची भरपाई कामगार थेट तुमच्याकडे मागू शकतो. तुम्ही ती द्यायची आणि नंतर काँट्रॅक्टरकडून वसूल करायची. म्हणजे कारखानदार किंवा बिल्डर "तो काँट्रॅक्टरचा माणूस" असं म्हणून हात झटकू शकत नाही. सोसायटीचं तसं नाही. रंगकाम हा सोसायटीचा धंदा नाही, त्यामुळे वकील या एका शब्दावर वर्षानुवर्षं भांडू शकतात. मी जरा खूश झालो असणार, कारण मामांनी लगेच बोट वर केलं.

"काँट्रॅक्टर म्हणतोस तो खरंच काँट्रॅक्टर आहे का? रंग कोणी आणला?"

"आम्हीच. डीलरकडे ओळख होती, स्वस्तात मिळाला."

"मजुरी?"

"दर शनिवारी आम्ही मुकादमाकडे द्यायचो. माणशी हजेरीप्रमाणे."

"मग तो मुकादम झाला, काँट्रॅक्टर नाही झाला. सामान तुमचं, हजेरी तुमची, देखरेख तुमची. मालक तुम्हीच आहात, असं कामगाराचा वकील म्हणेल. मी असतो तर म्हटलं असतं."

आणि रेलिंग वेगळंच. भरपाईच्या कायद्यात चूक बघत नाहीत, पण ज्याची चूक आहे त्याच्यावर निष्काळजीपणाचा दिवाणी दावा लावायला कामगार मोकळा असतो. दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत, एक वाट निवडावी लागते, पण वाट असते. आपल्या जागेत धोका आहे, तो आपल्याला माहीत आहे, आणि तरी आपण दुसऱ्याला तिथे कामाला चढवलं, तर तो निष्काळजीपणाच. बाकीच्या सोसायट्या निदान "आम्हाला ठाऊक नव्हतं" असं म्हणू शकतील. आमच्या मिनिटबुकात ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मेला असता तर फौजदारी गुन्हाही झाला असता. आताच्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

(मिनिटबुकातलं ते पान काढून टाकावं, असं एकाने मला खासगीत सुचवलं. मी एक रात्र त्यावर विचार केला, हेही सांगून टाकतो. पान अजून जागेवर आहे.)

राहिला स्टँप पेपर. कामगाराने भरपाईचा हक्क सोडला असा कोणताही करार, सही असो की अंगठा, या कायद्यापुढे रद्दी आहे. तडजोड करता येते, पण ती या कायद्याखाली नेमलेल्या कमिशनरकडे नोंदवावी लागते. रक्कम अगदीच अपुरी आहे किंवा फसवून सही घेतली आहे असं वाटलं तर कमिशनर नोंदणी नाकारतो. मृत्यू झाला असेल तर पैसे घरच्यांच्या हातात देऊनसुद्धा मालक सुटत नाही, रक्कम कमिशनरकडेच भरायची आणि तो वारसांना वाटून देतो. हा नियम प्रथम मला जाचक वाटला. नंतर लक्षात आलं, विधवेच्या हातात चाळीस हजार ठेवून सही घेणारे आमच्यासारखे सज्जन लोक डोळ्यांपुढे ठेवूनच तो केलेला आहे.

दावा लावायला कामगाराला अपघातापासून दोन वर्षं मिळतात. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांना मात्र या कायद्याने मालकाकडून मागता येत नाही, त्यांचा विमा ईएसआय देतं. तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत. आमच्या रंगाऱ्याला ईएसआय नव्हतं, विमा नव्हता, काहीच नव्हतं.

दुसरी सभा पहिलीपेक्षा वाईट झाली. मी एक्सेल पडद्यावर दाखवलं, मिनिटबुक वाचून दाखवलं. आवाज चढले. "सेक्रेटरी आपला की त्याचा?" असंही झालं. अप्पा रागावून उठून गेले. पण दोन दिवसांनी त्यांनीच मला जिन्यात थांबवलं आणि म्हणाले, "माझे वडील सूतगिरणीत होते. त्यांची दोन बोटं गेली तेव्हा मालकाने मिठाईचा पुडा पाठवला होता." एवढंच बोलून वर गेले. तिसऱ्या सभेत त्यांनी हात वर केला आणि त्यांच्यामागे बाकीच्यांनी.

डॉक्टरांनी कमाईच्या क्षमतेचं नुकसान २५ टक्के ठरवलं. म्हणजे ४,४३,३८५ रुपये. मुकादमाने दीड लाख दिले, तेही हप्त्यांनी. त्याची ऐपतच तेवढी. उरलेले २,९३,३८५ सोसायटीने भरले, घरटी साधारण १२,२२५. शिवाय दवाखान्याचा खर्च. तडजोड कमिशनरकडे रीतसर नोंदवली. माझ्या मते टक्के जास्त हवे होते. जो माणूस पुन्हा झुल्यावर बसू शकणार नाही, उतारावर चालताना ज्याची टाच दुखते, त्या रंगाऱ्याचं नुकसान पावच कसं? सुताराचा निकाल मी तिथे बोलून दाखवला. पण त्याला घरी जायची घाई होती, दावा लांबवायचा नव्हता. सोसायटीचा सेक्रेटरी समोरच्यासाठी जास्त मागतोय, हे बघून मामा मात्र खूप हसले.

झुला आणि पहाड यांच्यापेक्षाही मोठी धास्ती मला आता सेप्टिक टँकची वाटते. २०१९ च्या जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यात, डभोई तालुक्यात, एका हॉटेलच्या सेप्टिक टँकमध्ये सातजण गुदमरून गेले. चार सफाई करणारे, आणि तिघे त्यांना वाचवायला उतरलेले हॉटेलचे कामगार. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत गोवंडीला एका गृहनिर्माण संस्थेत तिघे तसेच गेले. तिथे २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येक कुटुंबाला १० लाख द्यायला लावले. इथे "सोसायटीचा धंदा नाही" वगैरे वाद नाहीतच. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हाच गुन्हा आहे, कोणीही उतरवला तरी. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूंची भरपाई ३० लाखांवर नेली, कायमच्या अपंगत्वाला किमान २० लाख. तेव्हा "एक माणूस आहे, पाचशेत उतरतो" असं कोणी सांगितलं तर मशीनची गाडी बोलवा. तिचे पैसे जास्त पडतात. पडू देत.

एक ताजी गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. कणा तोच आहे. घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध असेल तर, आता कामातलाच धरतात. जुन्या कायद्यातही हे बसतं, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं होतं. तो खटला मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचा, पहाटेच्या पाळीला येताना वाटेत गेलेल्या. अपघात २००३ चा. बावीस वर्षं.

आमच्याकडे आता काम द्यायच्या आधी काय बघतो ते थोडक्यात सांगतो, कोणाला उपयोग झाला तर बरं. काँट्रॅक्टरकडे त्याच्या माणसांची विमा पॉलिसी आहे का, आणि ती काम संपेपर्यंत चालू आहे का, ते कागद हातात घेऊन पाहतो. "आहे साहेब" यावर भागवत नाही. झुल्याचा दोर एका जागी आणि बेल्टचा दोर वेगळ्या जागी बांधायचा, ही अट वर्क ऑर्डरमध्येच लिहितो. या दोन जागा म्हणजे गच्चीच्या बीममध्ये बसवलेले पोलादी हुक. इंजिनिअर आणून त्यांची ताकद तपासून घेतली आहे. आणि काम चालू असेल त्या दिवशी सकाळी कमिटीतल्या एकाने गच्चीवर चढून दोन्ही दोर हाताने ओढून बघायचे. या शेवटच्या कामाची पाळी लावली आहे. अप्पा पंचाहत्तरीचे आहेत, त्यांना वगळलं होतं. त्यांनी भांडून आपलं नाव घालून घेतलं.

रंगारी आता दाहोदला एका रंगाच्या दुकानात शेड मिसळायच्या मशीनवर बसतो. मागच्या दिवाळीला त्याचा फोन आला होता. त्याचा पुतण्या या धंद्यात नवा आहे, तुमच्याकडे किंवा ओळखीत कुठे काम असेल तर सांगा म्हणाला. मी हो म्हटलं. मग जरा थांबून त्याने विचारलं, "ऊपर का रेलिंग बदला क्या?"

बदललंय, मी सांगितलं. फोटो पाठवला.